साडेपाच औंस

जुलै महिन्यात लॉइड हाकालाच्या छातीत पेसमेकर बसवला, तेव्हा गावात त्याची चौकशी बऱ्याच जणांनी केली. हृदयाची मात्र कुणी केली नाही. सगळ्यांनी विचारलं ते एकच: आता बंदुकीचं काय?

प्रश्न रास्त होता. लॉइड डावखुरा. बंदुकीचा दस्ता तो डाव्या खांद्याला लावायचा, आणि पेसमेकर बसला होता नेमका डाव्या खांद्याच्या आत, कातडीखाली, खिशात चिल्लर ठेवावी तसा. यात हॉस्पिटलचा काही दोष नव्हता. फॉर्मवर त्यांनी सरळ विचारलं होतं, कोणत्या हाताने लिहिता? लॉइड उजव्या हाताने लिहायचा. एकोणीसशे एकोणसाठ साली शाळेतल्या बाईंनी त्याचा डावा हात वर्षभर रुमालाने बाकाला बांधून त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. पुढच्या आयुष्यात उजव्या हाताने त्याने फक्त सह्या केल्या. हातोडी, पाना, काटा-चमचा, बंदूक, सगळं डाव्याने. फॉर्म भरताना तो खरं तेच बोलला, आणि खरं बोलल्यावर होतं ते झालं.

उजव्या खांद्याला लावावी म्हटलं तर उजवा डोळा नव्हता. म्हणजे होता, पण कागदाच्या गिरणीत एकदा त्यात कॉस्टिक सोडा उडाल्यापासून त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. हरीण यातल्या कशातच मोडत नाही.

"मोठ्या रायफलचा दणका डाव्या खांद्याला नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "हृदयापर्यंत एक तार गेलीय. ती निसटू शकते."

"आणि लहान दणका?"

"मिस्टर हाकाला, मी हृदयाची डॉक्टर आहे. बंदुकीचं मला काही कळत नाही."

ही कबुली लॉइडला परवानगीसारखी वाटली.

त्याचं कारण होतं कॅम्प. नदीकाठी, गावापासून चाळीस मैलांवर, लाकडी ओंडक्यांची एक खोली, शेजारी सौना म्हणजे वाफेने अंग शेकायची खोपटी, आणि चार माणसं: लॉइड, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हॅरॉल्ड, हॅरॉल्डचा मुलगा डेनी आणि लॉइडच्या बायकोचा भाऊ ड्वेन. शिकार पंधरा नोव्हेंबरला सुरू व्हायची, पण खरी परीक्षा त्याआधी, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, म्हणजे या वर्षी चार तारखेला. शंभर यार्डांवर साखळीला लटकवलेली ताटाएवढी लोखंडी प्लेट. मॅगझिनमध्ये तीन काडतुसं. तिन्ही लागोपाठ झाडायची, तिन्ही लागली पाहिजेत. ज्याची चुकेल त्याने त्या मोसमात मचाणावर जायचं नाही, स्वयंपाक करायचा.

हा नियम चौतीस वर्षांपूर्वी लॉइडनेच केला होता. कुणीतरी एक हरीण नुसतं जखमी केलं होतं आणि त्या चौघांनी दोन दिवस रक्ताच्या मागावर घालवले होते. त्यानंतर एकदाच एकाची चुकली, ती ड्वेनची, दोन हजार चार साली. ड्वेन चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायचा, दणक्याच्या भीतीने. त्याची तिसरी गोळी प्लेटच्या कडेला घासून गेली, साखळी हलली. हॅरॉल्ड म्हणाला, लागली. लॉइड शंभर यार्ड चालत गेला, कडेवरून बोट फिरवलं आणि परत येऊन म्हणाला, घासली, लागली नाही. ड्वेन त्या वर्षी चुलीपाशी गेला तो अजून तिथेच होता. पुढल्या वर्षी पुन्हा बंदूक उचलायला त्याला कुणी बंदी केली नव्हती. पण कांदा चिरणाऱ्या माणसाला बंदूक घे म्हणायची आठवण कुणाला राहत नाही.

लॉइडला मरणाची भीती नव्हती असं नाही. पण मरण कधीतरी येणार होतं, आणि चार नोव्हेंबर नक्की येणार होता.

*

गॅरी लाफर्नच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर फ्लॅनेलचं फडकं अंथरलेलं होतं आणि त्यावर बंदुकीच्या दस्त्यात बसवायचे तीन बफर ओळीने उभे होते. तिन्ही दिसायला अगदी सारखे, अंगठ्यापेक्षा जरासे लांब, धातूचे. दवाखान्यात नमुन्याला देतात त्या बाटल्यांसारखे.

दर गोळीला हाताने बोल्ट ओढावा लागणारी जुनी बंदूक देऊन लॉइडने आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक घेतली होती, तीनशे आठ कॅलिबरची. तिचा दणका मुळातच कमी. पण कमी म्हणजे किती कमी, हा प्रश्न होता.

"ऐक," गॅरी म्हणाला. "गोळी सुटली की मागचा वायू बोल्टला मागे ढकलतो. बोल्ट मागे येताना रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, पुढे जाताना नवं काडतूस घेऊन जातो. मागे येताना त्याला दस्त्यातल्या या बफरला ढकलत आणावं लागतं. बफर हलका असला की बोल्ट सुसाट येऊन आपटतो, ते तुझ्या खांद्याला कळतं. जड असला की सावकाश येतो, दणका मऊ."

"मग सगळ्यांत जड दे."

"थांब ना जरा. फार जड असला तर बोल्ट अर्ध्या वाटेतून परत फिरतो. पुढचं काडतूस उचलतच नाही. तू चाप ओढतोस, आणि खट्."

"हा तीन औंस," काउंटरला टेकून उभा असलेला अर्ल मधेच म्हणाला. अर्लने आयुष्यात बंदूक जेवढी झाडली होती त्याच्या शंभरपट फोनवर पाहिली होती. "हा पावणेपाच. आणि हा साडेपाच. साडेपाचवाला घे, लॉइड. मी तर म्हणतो, आत टंगस्टन घालून आणखी जड कर. कॅनडातला एक जण आहे, तो सहा औंसाखाली बोलतच नाही."

"तुझी बंदूक कुठाय अर्ल?" गॅरीने विचारलं.

"घरी. सुटी केलीय."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

लॉइडने तिन्ही बफर तळहातावर घेऊन पाहिले. सगळ्यांत हलक्या नि सगळ्यांत जड बफरमधला फरक एका मोठ्या अंड्याएवढा. गिरणीत तो चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त करत होता. वीस-वीस टनांचे रूळ त्याने कानाने ऐकून सरळ केले होते. आता त्याचं सगळं एका अंड्यावर आलं होतं.

"योग्य कुठला ते कसं कळायचं?"

"पुंगळ्या बघायच्या. घड्याळ समज. तू बारा वाजण्याच्या दिशेला नेम धरलायस. पुंगळी एकच्या दिशेला उडाली, म्हणजे बोल्ट फार जोरात. पाचच्या दिशेला मागे पडली, म्हणजे फार सावकाश. तीन ते चार, उत्तम. आणि मग शेवटची परीक्षा." गॅरीने बोट वर केलं. "मॅगझिनमध्ये एकच काडतूस. सगळ्यांत कमजोर मिळेल ते. सगळ्यांत वाईट थंडीत. झाड, आणि बोल्ट मागे उघडा अडकून राहिला तर तो बफर तुझा. या परीक्षेत जो सगळ्यांत जड पास होईल तो घ्यायचा. त्याच्यावर अर्धा औंससुद्धा नाही."

"थंडी अजून लांब आहे."

"फ्रिज आहे ना घरी?"

"आर्लीन बंदूक फ्रिजमध्ये ठेवू देईल असं वाटतं तुला?"

गॅरीचंही लग्न झालेलं होतं. त्याने विषय वाढवला नाही. तिन्ही बफर कागदात गुंडाळून दिले, दोन परत आण म्हणाला, आणि मग नजर फडक्यावर ठेवून विचारलं, "बाकी... ते... बरंय ना?"

"स्प्रिंग कुठली लावू?" लॉइडने विचारलं.

"आहे तीच," गॅरी म्हणाला, आणि दोघांनाही हायसं वाटलं.

*

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस अवेळी ऊन पडलं. लॉइड शर्टाच्या बाह्या वर करून खडीच्या खाणीत गेला. दुकानात होती त्यांतली सगळ्यांत जोरकस काडतुसं त्याने नेली होती. साडेपाचवाला बफर घातला आणि एकेक करत दहा झाडली. दणका असा, की कुणी लांबून उशी फेकावी. दहाही वेळा बोल्ट उघडा राहिला. पुंगळ्या साडेचारच्या दिशेला पडत होत्या, म्हणजे पडल्या असत्या. पण डावखुऱ्याचं तोंड बंदुकीच्या उजव्या अंगाला असतं आणि पुंगळी उजवीकडूनच निघते, त्यामुळे त्यांतल्या दोन, तापलेल्या, त्याच्या गालावर आल्या.

गॅरीने सांगितलं होतं ते त्याला आठवत नव्हतं असं नाही. पुंगळी गालावर येणं म्हणजेच बोल्ट सावकाश चाललाय, हेही त्याला कळत होतं. पण दहापैकी दहा! माणसाला हवं ते उत्तर दहा वेळा मिळालं की तो अकराव्यांदा विचारत नाही.

घरी येऊन त्याने बंदूक खोलली, पुसली, आणि गिरणी बंद पडली तेव्हा आणलेल्या डब्यातलं ग्रीस बोल्टला सढळ हाताने लावलं. ते ग्रीस कागद वाळवणाऱ्या तापल्या रुळांसाठी होतं. वितळायचं नाही ही त्याची ख्याती. गिरणीत शंका आली की ग्रीस लावायची पद्धत होती, आणि लॉइडला त्या वर्षी शंका बऱ्याच होत्या.

"गालाला काय झालं?" आर्लीनने जेवताना विचारलं.

"सौन्याचं दार लागलं."

"दाराने भाजतं?"

"सौन्याचंच दार ते."

आर्लीनने बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. सेहेचाळीस वर्षांत तिने त्याची अनेक खोटी उत्तरं ऐकली होती. ती ती साठवायची, वापरायची नाही.

"बफर कुठला घेतलास?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

लॉइडचा काटा थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"गावात दुसरं काय बोलतात आजकाल? पोस्टात गेले तर पोस्टमास्तर म्हणाला, पावणेपाच घ्यायला सांगा." ती उठून ताट उचलू लागली. "मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. मला एवढंच कळतं की तुमच्यातल्या एकानेही त्याला, जाऊ नकोस, असं म्हटलेलं नाही."

*

चार तारखेला सकाळी कॅम्पवर उणे आठ होतं. घोट्याएवढं बर्फ. बंदुका रात्रभर गाडीत होत्या, तसा रिवाजच होता, म्हणजे आत-बाहेर नेऊन त्यांना पाणी सुटत नाही. ड्वेन दारात उभा होता, हातात डाव, अंगात लोकरीचा कोट आणि कोटावर ॲप्रन.

"बीन्स चुलीवर आहेत," तो म्हणाला. "लवकर आटपा. लॉइड, तुझ्यासाठी बिनमिठाच्या वेगळ्या काढल्यात. बहिणीची ऑर्डर."

"बिनमिठाच्या बीन्स तूच खा."

"मी चाखल्या. म्हणूनच तुला देतोय."

हॅरॉल्डने तीन झाडल्या. टण्ण, टण्ण, टण्ण. डेनीने तीन. मग लॉइड बाकावर बसला, दस्ता डाव्या खांद्याला लावला, तारेच्या वर, पेसमेकरच्या जरा बाहेरच्या अंगाला, जिथे आरशासमोर उभं राहून त्याने जागा ठरवली होती. श्वास सोडला. टण्ण. उशी लागली. प्लेट डोलत होती. त्याने पुन्हा नेम धरला, चाप ओढला.

खट्.

त्याने हाताने बोल्ट ओढला. बोल्ट मधात बुडवल्यासारखा आला. टण्ण. पुन्हा चाप. खट्.

नदीकडून वारा येत होता. लॉइड बंदुकीकडे पाहत राहिला.

"तीन झाल्या," हॅरॉल्ड म्हणाला.

"दोन झाल्या."

"मी तीन ऐकल्या."

"हॅरॉल्ड, तुझी कानातली दोन्ही यंत्रं आत टेबलावर आहेत."

"तीनच होत्या," डेनी म्हणाला. तो बुटाने बर्फ उकरत होता. "मी मोजल्या. चला, बीन्स गार होतील."

हा नियम चौतीस वर्षांत नखाएवढासुद्धा वाकला नव्हता. हॅरॉल्डला न्यूमोनिया झाला होता त्या वर्षी तो ब्लँकेट पांघरून बाकावर बसला होता आणि तरी त्याच्या तीन मोजल्या गेल्या होत्या. आता दोघे जण, दोघेही शपथ घेऊन खोटं बोलायला तयार, आपल्याकडे पाहत नाहीत. लॉइडच्या लक्षात आलं, की ही परीक्षा आधीच झाली होती. बहुधा जुलैमध्येच. आपल्याशिवाय.

त्याने ड्वेनकडे पाहिलं. एकोणीस वर्षांपूर्वी कडेवरून फिरलेलं बोट ड्वेनलाही आठवत असणार. पण ड्वेन काही बोलला नाही. एवढंच वाईट होतं. तो बोलला असता, एक शिवी घातली असती, तर लॉइड कदाचित आत जाऊन जेवला असता.

"पाच मिनिटं," लॉइड म्हणाला, आणि बंदूक घेऊन सौन्यात गेला.

सौना थंड होता. बाकावर बसून त्याने मागची पिन दाबून बंदूक उघडली. बोल्ट बाहेर काढला आणि त्याला कारण दिसलं. ग्रीस मेणबत्तीसारखं गोठलं होतं. बोटाने खरवडलं तर त्याच्या साली निघत होत्या. पुसायला फडकं नाही, रॉकेल नाही, बोटांना धड संवेदना नाही. साडेपाचवाला बफर त्याने ओढून काढला. कोटाच्या खिशातून तीन औंसवाला काढला.

दार उघडलं. ड्वेन आत आला, आणि डाव अजून हातातच होता.

"हलका घालतोयस?"

"हवेप्रमाणे घालायचा असतो."

"मधला कुठाय?"

"घरी." मधल्याची गरज पडेल असं त्याला वाटलंच नव्हतं. त्याने घेतले होते ते दोन टोकांचे, एक चालेल म्हणून आणि एक कशाला हे स्वतःलाही न विचारता.

ड्वेन समोरच्या बाकावर बसला. दोघांच्याही तोंडातून वाफ येत होती.

"स्वयंपाक इतका वाईट नसतो रे," ड्वेन म्हणाला.

"मी तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाहीये."

"मी पण स्वयंपाकाबद्दल बोलत नाहीये."

लॉइडने बंदूक मिटवली. पिन बसली.

"आर्लीनला काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

"ती विचारेल."

"मग सांग, तीन लागल्या."

ड्वेन उठला आणि दारात जरा वेळ आडवा उभा राहिला. तो लॉइडपेक्षा पंधरा किलोंनी जड होता आणि दार अरुंद होतं. मग तो बाजूला झाला. पुढे कितीतरी दिवस त्याला हेच आठवत राहिलं, की दार अरुंद होतं.

लॉइड बाकावर बसला. हॅरॉल्ड म्हणाला, "अरे, झालं ना ते." लॉइडने ऐकलं नाही. टण्ण. टण्ण. टण्ण. पुंगळ्या पुढे, एकच्या दिशेला, बर्फात जाऊन पडल्या आणि तिथे वाफाळत राहिल्या. तिसऱ्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहिला. प्लेट साखळीवर गिरक्या घेत होती. प्रत्येक दणका खांद्यातून आत, दाराला लाथ मारावी तसा गेला होता. पण लॉइड ताठ बसून होता आणि तोंड निर्विकार होतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिघेही त्याच्याकडे असे पाहत होते, जसे लोक छपराच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतात.

"आता तीन झाल्या," लॉइड म्हणाला.

जेवताना त्याला उचक्या लागल्या. पाणी पिऊन थांबल्या नाहीत, श्वास कोंडून थांबल्या नाहीत.

"एवढी आठवण कोण काढतंय तुझी?" हॅरॉल्डने विचारलं. सगळे हसले. लॉइडही हसला, उचकी मधेच धरून.

*

त्याच्या पलंगाशेजारी हॉस्पिटलने एक पांढरी पेटी ठेवलेली होती. लॉइड झोपला की ती त्याच्या छातीतल्या यंत्राशी बोलायची आणि ऐकलेलं सगळं मार्क्वेटच्या हॉस्पिटलला कळवायची. सेहेचाळीस वर्षं ज्या पलंगावर कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तिथे असला चहाडखोर आणून ठेवलेला.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. आर्लीनने उचलला आणि त्याच्याकडे दिला.

"मिस्टर हाकाला, उचक्या येतात का?"

"थोड्या."

"त्या उचक्या नाहीत. तार जागची हललीय, ती हृदयाऐवजी छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला टोचतेय. शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास तुम्ही काय करत होता?"

लॉइडने आर्लीनकडे पाहिलं. ती भांडी पुसत होती, कोरडीच.

"बाहेर होतो," तो म्हणाला.

"पडलात का? काही आपटलं?"

"नाही. आपटलं नाही." मग त्याला राहवलं नाही. "तीन लागल्या."

मंगळवारी तार पुन्हा बसवली. सहा आठवडे डावा हात झोळीत, खांद्याच्या वर न्यायचा नाही, दोन किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही. परतीच्या वाटेवर गाडी आर्लीन चालवत होती. तीस मैल गेल्यावर ती म्हणाली, "ड्वेनने शनिवारीच फोन केला होता. रडत होता. मी म्हटलं, मला माहीत आहे. मी रविवारभर वाट बघत होते, की तू सांगशील."

लॉइडने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर झाडं होती.

"कॅम्पला जायचंय तर जा," ती पुढे म्हणाली. "घरात बसून तू छताकडे बघत राहणार, आणि मी तुझ्याकडे. ते नको."

*

ड्वेन गुरुवारी भेटायला आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर बंदूक सुटी करून ठेवलेली होती.

"हे काय आता?"

"बस. ब्रेक साफ करायचा स्प्रे घे. त्या बोल्टवरचं सगळं ग्रीस काढ, एक कण राहता कामा नये. मग हे पातळ तेल, दोन थेंब. दोनच."

ड्वेनने ते केलं. लॉइड एका हाताने बोट दाखवत होता. मग त्याने पावणेपाच औंसाचा बफर पुढे केला.

"हा घाल. मग बंदूक जोडून बाहेर पोर्चमध्ये थंडीत राहू दे सकाळपर्यंत. उद्या ही कमजोर काडतुसं घेऊन खाणीत जाऊ. एक-एक भरून झाड. बोल्ट उघडा राहतो का बघू."

"मी झाडू?"

"माझा हात कुठाय ते दिसतंय ना तुला?"

"लॉइड, तुझं मचाण रिकामं राहिलं तर काही आभाळ कोसळत नाही. एकोणीस वर्षं मला कुणी विचारलं नाही. आता साठी ओलांडल्यावर उणे दहात झाडावर बसायला सांगतोस? मला चुलीपाशी ऊब असते. रेडिओ असतो."

"तू डोळे मिटायचास, कारण ती जुनी बंदूक गाढवासारखी लाथ मारायची. हिचा दणका तसा नाही."

"आणि चुकली तर?"

"तर दोघे मिळून कांदे चिरू."

ड्वेन बफर हातात फिरवत राहिला. त्याला विचारायचं होतं, की त्या वेळी घासली होती की लागली होती. लॉइडला ते कळलं होतं. त्याने स्प्रेचं झाकण लावलं आणि म्हणाला, "पुंगळ्या कुठे पडतात त्यावर लक्ष ठेव. तीन ते चार."

शुक्रवारी खाणीत पुंगळ्या साडेतीनला पडल्या. शनिवारी हॅरॉल्ड कानात दोन्ही यंत्रं घालून आला, आणि ड्वेनच्या तीन लागल्या. तिसरी लागल्यावर ड्वेन बाकावरून उठलाच नाही. "डोळे उघडे होते," तो पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू कुणी नाही म्हणत होतं. लॉइडने त्याच्या पाठीवर थाप मारली. मग तो आत गेला आणि खुंटीवरचं ॲप्रन एका हाताने कसं बांधतात ते शोधत बराच वेळ उभा राहिला.

*

पंधरा तारखेला उजाडायच्या आधी तिघे निघाले. ड्वेन निघताना चार सूचना देऊन गेला: बीन्स रात्रीच भिजवल्यात, कांदा आधी परतून घे, चुलीचं डावं झाकण अडकतं, आणि मोठं भांडं एकट्याने उचलू नकोस. शेवटची त्याने दोनदा सांगितली.

लॉइड टेबलाशी बसून उजव्या हाताने बटाटे सोलू लागला. झोळीतल्या डाव्या हाताच्या बोटांत बटाटा धरायचा, आणि उजव्याने सुरी चालवायची. साल जाड निघत होती. बटाटा निम्मा सालीतच जात होता. रेडिओ त्याने बंद ठेवला होता.

साडेसात वाजता खिडकी करडी झाली. पावणेआठला नदीपलीकडे लांब कुणाचीतरी वाजली, दुसऱ्या कॅम्पची. आठच्या सुमारास डेनीची एक. लॉइड सगळ्यांच्या बंदुका आवाजावरून ओळखायचा. हॅरॉल्डची नेहमी उशिरा वाजायची, तो आधी झोप पुरी करायचा.

मग उत्तरेकडून, त्याच्या स्वतःच्या मचाणाच्या दिशेने, एक वाजली. सुरी थांबली. त्याने मान वळवली, कान दाराकडे केला.

लगेच दुसरी वाजली.

मधे जेमतेम एक श्वास. हाताने बोल्ट ओढायला लागतो तेवढा वेळ त्यात नव्हता. म्हणजे बोल्ट पूर्ण मागे गेला, पुंगळी फेकली, काडतूस उचललं, उणे दहात. पावणेपाच. बरोबर पावणेपाच. पोस्टमास्तरसुद्धा बरोबर होता.

आणि दोन वाजल्या म्हणजे ड्वेनची पहिली चुकली होती.

लॉइडने तिसरीची वाट पाहिली. वाजली नाही. चुलीत लाकूड कोसळलं. त्याने उरलेले बटाटे सोलले, भांड्यात टाकले, पाणी ओतलं. मग त्याने भांड्याचा एक कान धरून पाहिला. भांडं हललं, पण उठलं नाही. दोन किलो कधीच ओलांडले होते.

त्याने हात सोडला. भांडं तिथेच टेबलावर ठेवून तो समोर बसून राहिला. ते लोक बाराशिवाय येणार नव्हते.